गळाचा मासा : ठेवावा की सोडावा?

आमचे मानपुर हे आग्रा-मुंबई रस्त्यावरचे, विंध्याच्या अगदी कडेला बसलेले गाव. गावातून निघालेली मोटार थोड्याच वेळात घाट उतरू लागते आणि माळव्याची काळी जमीन मागे टाकून निमाडात शिरते. इंग्रजी अमदानीत आजूबाजूला होळकर, शिंदे, धारचे पवार यांची संस्थाने पसरली होती. मानपुरचा हा चिमुकला परगणा मात्र थेट इंग्रजांच्या ताब्यात होता. घरात मराठी, ओट्यावर माळवी, कचेरीत हिंदी आणि घाट उतरला की निमाडी, असा आमचा व्यवहार. सीमाभागातल्या वाचकांना असल्या संसाराची ओळख करून द्यायला नको.

या भागातल्या हायस्कुलांतच माझी सारी नोकरी झाली. आज मुख्याध्यापक आहे. एम. ए. केले ते इतिहासात, माशांत नव्हे. शिवाय आमच्या घरी मासा शिजत नाही, हेही आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढच्या विवेचनात माझा कल कुठे झुकतो याचा हिशेब वाचकांना आपला आपण करता येईल. असा मनुष्य मासेमारीवर लिहायला का बसला, त्याला कारण घडले ते असे.

२०१२ सालच्या हिवाळ्यात शाळेची सहल घेऊन मी महेश्वरला गेलो होतो. तेव्हा मी साधा शिक्षक होतो. किल्ला, घाट, अहिल्याबाईंचा वाडा हे सारे पाहून झाल्यावर मुलांना जलकोटीच्या सहस्रधारेवर नेले. तिथे नर्मदा खडकांतून शेकडो धारांनी फुटून वाहते. नववीतला एक मुलगा निमाडातल्या केवटाच्या घरचा. मामाकडे मानपुरात राहून शिकत असे. त्याचे वडील मुलाला भेटायला म्हणून तिथे आले होते. या पोराच्या खिशात दोरी आणि गळ होता. जेवणाच्या डब्यातल्या पोळीचा गोळा लावून त्याने तो एका खळग्यात टाकला आणि आम्ही पाहता पाहता हातभर लांबीचा मासा वर काढला. रुपयाएवढे सोनेरी खवले, जाड ओठ, तोंडाशी चार मिशा. तो बाडस होता. इंग्रजीत ज्याला महसीर म्हणतात, आणि आपल्या सह्याद्रीच्या नद्यांतून ज्याच्या भाऊबंदांना खडस किंवा खडशी म्हणतात, तोच.

आदल्याच वर्षी, २०११ मध्ये, मध्य प्रदेश सरकारने बाडसला ‘राज्यमत्स्य’ ठरवले होते. ते मी वर्तमानपत्रात वाचलेले. शिक्षकाला अशी संधी मिळाली की तो सोडतो थोडाच! मी सगळ्या मुलांना गोळा केले, मासा हातात उंच धरायला लावला आणि व्याख्यान सुरू केले. दुर्मिळ प्राणी, निसर्गाचा ठेवा, आपले कर्तव्य, वगैरे. मुलांनी मासा हाताळून पाहिला. पाच-सात मिनिटे तरी गेली असतील. मग मी मोठ्या ऐटीत म्हणालो, “सोड आता त्याला.” मुलाने बापाकडे एकदा पाहिले आणि मासा पाण्यात सोडला. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मासा कुशीवर पडला. एकदोनदा कल्ले हलले. मग तो उलटा झाला, त्याचे पांढरे पोट वर आले आणि धारेने त्याला खडकापलीकडे ओढून नेले.

मुलाचा बाप रागावला नाही. पाण्याकडे पाहत तो एवढेच म्हणाला, “मास्साब, या तो खा लेते, या पकड़ते नहीं.”

परतीच्या बसमध्ये मुले गाणी म्हणत होती. माझ्या डोक्यातून मात्र ते वाक्य जाईना. त्या घरचे रात्रीचे कालवण मी हिरावून घेतले होते आणि मासाही वाचवला नव्हता. पुढे मिळेल तिथून मी या विषयावर वाचत गेलो. प्रश्न दिसतो त्यापेक्षा बराच जुना निघाला.

ठेवण्या-सोडण्याची आपल्याकडची पहिली गोष्ट शतपथ ब्राह्मणात आहे. मनू सकाळी हात धूत असताना एक चिमुकला मासा त्याच्या ओंजळीत येतो आणि म्हणतो, मला सांभाळ, मी तुला तारीन. मनू त्याला आधी मडक्यात ठेवतो, मग खड्ड्यात, आणि पुरेसा वाढल्यावर समुद्रात सोडतो. पुढे प्रलय येतो आणि मासा शब्द पाळतो. ही कथा मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. पण कधी ठेवायचे आणि कधी सोडायचे हे तीत मनूने ठरवलेले नाही, माशाने सांगितले आहे, हे सहस्रधारेच्या प्रसंगानंतरच माझ्या ध्यानात आले.

अशोकाने या प्रश्नाला राजाज्ञेचे रूप दिले. अभिषेकाला २६ वर्षे झाल्यावर कोरवलेल्या त्याच्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची यादी आहे, तीत काही माशांची नावे आहेत. शिवाय चातुर्मासांच्या पौर्णिमा, तिष्य पौर्णिमा आणि उपोसथाचे दिवस यांना मासे मारू नयेत, विकूही नयेत, असे स्पष्ट फर्मान आहे. ‘विकूही नयेत’ हे शब्द मला राज्यकर्त्याचे वाटतात. नुसते मारू नका म्हटले की मारणारा रात्री मारतो. बाजार बंद केला की त्याचे काम आपोआप थांबते.

तिसरा साक्षीदार मात्र सीमाभागातलाच आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर. त्याची कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यातले आजचे बसवकल्याण. इ. स. ११३० च्या सुमारास त्याच्या नावावर सिद्ध झालेला ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ म्हणजे राजाच्या जीवनाचा कोशच आहे. बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी तो संपादून छापला. राजाच्या विनोदांच्या, म्हणजे करमणुकींच्या, विभागात ‘मत्स्यविनोद’ नावाचे एक प्रकरण आहे. समुद्रातले मासे कोणते, नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते. कोणत्या जातीला काय चारून जागेवर आणावे, दोरी कशी वळावी, गळ कसा लावावा, हे सारे त्यात तपशिलाने आले आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ च्या सुमारास या प्रकरणावर निबंध लिहिला, तेव्हा आपल्याकडे गळाचा शौक किती जुना आहे ते जगाला कळले. इंग्रज यायच्या आधी इथे मासे केवळ पोटासाठी धरले जात, हा समज सोमेश्वराने ८५० हून अधिक वर्षांपूर्वीच खोटा पाडून ठेवला आहे. पण याच ग्रंथातल्या अन्नभोगाच्या प्रकरणात मासे शिजवण्याच्या कृतीही आहेत. सोमेश्वर राजा खेळत होता आणि खातही होता. धरलेला मासा परत पाण्यात सोडून त्यातच कौतुक मानावे, हे काही त्याच्या वृत्तीत बसण्यासारखे दिसत नाही.

म्हणजे जुन्या काळी आपल्याकडे वाटा दोनच होत्या. धरायचा तो खाण्यासाठी. नाहीतर धरायचाच नाही.

या दुसऱ्या वाटेची मोठी साक्ष आमच्या नर्मदेवर आहे. सर जॉन माल्कम हा इंग्रज सेनापती १८१७ च्या महिदपूरच्या लढाईत होळकरांविरुद्ध लढला. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर महूची छावणी बसली ती त्याच्याच काळात. या शत्रूपक्षाच्या माणसाने १८२३ साली मध्य भारतावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात अहिल्याबाईंविषयी फार आदराने लिहिले आहे. नांगर ओढणाऱ्या बैलांना थांबवून त्यांची माणसे पाणी पाजत, पाखरांसाठी शेते विकत घेऊन राखली जात आणि नदीतल्या माशांनाही त्यांच्या करुणेत वाटा होता, अशा आशयाचा तो मजकूर आहे. अहिल्याबाई गेल्या १७९५ साली. महेश्वरच्या घाटावर कणकेच्या गोळ्या घेऊन बसणाऱ्या बायका अजून आहेत, आणि गोळी पडली की पाणी ढवळून निघते.

सह्याद्रीत तर असे देवाचे डोह जागोजाग होते. रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंड आहे. तिथले मासे वरदायिनी देवीचे. त्यांना कोणी हात लावत नाही. वाड्याजवळ वैतरणेवर तिळसेश्वराचे मासे असेच राखलेले. कर्नाटकात तुंगेवर शृंगेरी आहे, दक्षिण कन्नड जिल्ह्यात शिशिल आहे. शिशिलच्या डोहात १९९६ साली कोणा दुष्टांनी विष कालवले आणि पिढ्यान्‌पिढ्या राखलेले मासे मेले. गावकऱ्यांनी त्यांचे स्मारक उभारले. खडस जातीचे मासे काही नद्यांत आज टिकून आहेत त्याचे बरेचसे श्रेय या डोहांना आहे, असे अभ्यासकही मानतात.

इथे एक गोष्ट मनात आल्यावाचून राहत नाही. वाळण कोंडातल्या माशांना अभय देणारा तो महाड तालुका, आणि त्याच महाडात चवदार तळ्याचे पाणी माणसांना नाकारले जात होते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते पाणी प्राशन केले. बाबासाहेबांचा जन्म महूचा, आमच्या शेजारचा, म्हणून हे मला जरा अधिकच बोचते. पाण्यातल्या जीवावर दया करताना काठावरच्या माणसाकडे पाठ फिरवता येते, याला आपला इतिहास साक्षी आहे. सहस्रधारेवर मी लहान प्रमाणावर तेच केले होते.

आता तिसरी वाट, म्हणजे धरायचा आणि सोडायचा. ही साहेबाबरोबर आली असे सरसकट म्हटले जाते, पण ते खरे नाही. साहेब सोडत नसे. माझे आजोबा महूच्या छावणीत कारकून होते. देश सोडून जाणाऱ्या कोणा अधिकाऱ्याच्या अडगळीतून आलेला एक फोटो आमच्या घरी बरीच वर्षे होता. तिकाटण्याला टांगलेला माणसाएवढा मासा, शेजारी खुर्चीवर साहेब आणि मागे काठी धरून उभा असलेला एक अनवाणी नावाडी. फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने माशाचे वजन पौंडांत लिहिले होते. साहेबाचे नाव होते, नदीचे होते. नावाड्याचे नव्हते.

असे फोटो त्या काळी हिंदुस्थानभर काढले गेले. मंगळूरकडे कलेक्टर असलेल्या हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रासच्या मुलकी अधिकाऱ्याने १८७३ साली ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक लिहिले आणि महसीर हा साहेबांचा मानाचा मासा झाला. १९१९ साली रिव्हेट-कार्नॅक याने कावेरीत ११९ पौंडांचा मासा धरला. १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातल्या गृहस्थाने कबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा. हे व्हॅन इंगेन म्हणजे राजेरजवाड्यांनी मारलेले वाघ पेंढा भरून देणारे प्रसिद्ध कारागीर. यांतले काही पाण्यात परत गेले नाही.

आणि गंमत पाहा. याच काळात थॉमस आणि सरकारचे मत्स्यनिरीक्षक फ्रान्सिस डे यांचे अहवाल सांगत होते की हिंदुस्थानातले मासे संपत चालले आहेत, आणि दोष बारीक जाळ्यांचा, बंधाऱ्यांचा, विषारी झाडपाल्याचा. त्यात तथ्य नव्हते असे नाही. पिल्लेसुद्धा गाळून काढणारी जाळी होती, डोहात विष कालवण्याची रीत होती. यातूनच १८९७ चा मत्स्यविषयक कायदा आला. सुरुंगाची दारू आणि विष वापरून मासे मारणे त्याने गुन्हा ठरवले, ते योग्यच झाले. पण कायद्याचा सारा रोख जाळ्यावर होता. साहेबाच्या काठीने किती काढावे याची चिंता कोणी केलेली दिसत नाही. नदी उपसण्याचा ठपका भोई, केवट, भिल्ल यांच्यावर ठेवून साहेब फोटोला बसला.

सोडण्याची रीत आपल्याकडे रुजली ती स्वातंत्र्यानंतर, आणि तीही कावेरीवर. अमेरिकेत ली वुल्फ याने १९३९ सालच्या पुस्तकात खेळाचा मासा एकदाच धरून संपवण्याइतका स्वस्त नाही असा विचार मांडला होता. इंग्लंडात तळ्यांतले साधे मासे सोडून देण्याची चाल होतीच. १९७७-७८ मध्ये तीन तरुण इंग्रज हौशी महसीर शोधत हिंदुस्थानभर फिरले आणि कावेरीत ते अजून आहेत हे त्यांनी जगाला दाखवले. १९७२ साली स्थापन झालेली बंगळूरची दक्षिण भारत वन्यजीव संघटना आणि पुढे कर्नाटक सरकारचे भीमेश्वरी, गालिबोरे येथील कॅम्प यांनी नदीचे पट्टे राखले. नियम एकच : धरलेला प्रत्येक मासा तोलून, नोंद करून परत सोडायचा. परदेशी पाहुणे पैसे मोजत. पूर्वी चोरून सुरुंग लावणारी काठावरची माणसे पगारी वाटाडे आणि राखणदार झाली. मासा जिवंत राहण्यात त्यांचेही पोट आले. मी ज्याला अपवित्र खेळ समजत होतो त्याने इथे काही घरांच्या चुली पेटवल्या आणि मासेही राखले, हे मला मान्य करावे लागले.

पण या कथेचा खरा धागा महाराष्ट्रातून जातो.

दख्खनचा सांख्यिकी अधिकारी म्हणून पुण्याकडे काम केलेल्या कर्नल साईक्सने १८३९ साली मुळा-मुठेतल्या एका माशाला शास्त्रीय नाव दिले : ‘खुद्री’. आपले मराठी खडशीच ते, लॅटिन पगडी घालून बसलेले. हा भीमा-कृष्णेच्या खोऱ्यातला मासा. १९७० च्या आसपास तो इतका विरळ झाला की मुंबई राज्याचे मत्स्यसंचालक राहिलेले डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी एस. एन. ओगले यांनी लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीच्या तलावांवर त्याच्या कृत्रिम पैदाशीचे प्रयोग सुरू केले. मादीची अंडी काढून, फलवून, पिल्ले वाढवायची. प्रयोग यशस्वी झाला. लोणावळ्याची लाखो पिल्ले पुढच्या दशकांत देशभरच्या नद्यांत आणि तलावांत गेली. कावेरीतही गेली. आपल्या माणसांनी केलेले हे काम मोठे आहे आणि त्याचा मला अभिमान वाटतो.

कावेरीत मात्र आधीपासून तिचा स्वतःचा महसीर होता. पाठीवर कुबड असलेला, नारिंगी परांचा, जगातला सर्वांत मोठा. १२० पौंडांचे विक्रम ते याच्याच जातीचे. लोणावळ्याचा निळसर परांचा पाहुणा तिथे वाढला, फोफावला आणि घरचा मालक हटत गेला. हे कळले कशावरून? सोडणाऱ्यांच्या वह्यांवरून! गालिबोरेच्या कॅम्पावर १९९८ ते २०१२ या काळात सहा हजारांहून अधिक महसीर धरून सोडल्याच्या नोंदी होत्या. अॅड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि रॉबर्ट ब्रिटन यांनी त्या तपासून २०१५ साली निष्कर्ष मांडला : निळ्या परांचे मासे वाढत आहेत, कुबडवाले दिवसेंदिवस थोडे आणि नुसते मोठेच सापडतात, म्हणजे त्यांची नवी पिढी येत नाही. २०१८ मध्ये या कुबडवाल्याची शास्त्रीय ओळख ‘रेमादेवी’ या नावाने निश्चित झाली आणि तो लगेच अतिसंकटग्रस्तांच्या यादीत गेला. जगातला एवढा प्रसिद्ध मासा, आणि त्याला नाव मिळेपर्यंत तो संपत आला.

आमच्या शाळेत हजेरीपटाला मुले हसतात. गालिबोरेच्या वह्यांची हकीकत मी त्यांना मुद्दाम सांगतो.

इथे ‘सोडणे’ या शब्दाचे दोन अर्थ समोरासमोर येतात. गळाचा मासा त्याच नदीत परत सोडणे निराळे आणि एका नदीचे पिल्लू दुसऱ्या नदीत सोडणे निराळे. दोन्ही दयाबुद्धीनेच होते. पहिल्याने फारसे नुकसान झालेले दिसत नाही; दुसऱ्याने एक वंश बुडायला आला. नदीवर जाऊन पिल्ले सोडण्याचे समारंभ होतात, फोटो निघतात, तेव्हा हे पिल्लू कुठल्या पाण्याचे, हा प्रश्न एखाद्या तरी विद्यार्थ्याने विचारावा असे मला वाटते. आमच्या बडवाहच्या वनविभागाने नर्मदेच्याच बाडसची पिल्ले वाढवण्याचे जे काम हाती घेतले ते म्हणूनच मोलाचे आहे.

वन्यजीव कायद्याचा अर्थ कडक लावला गेल्याने २०१२ च्या सुमारास कावेरीच्या अभयारण्यातला गळाचा खेळ बंद झाला. कायद्याच्या दृष्टीने धरणे म्हणजे शिकार, मग सोडा की ठेवा. यावर अभ्यासकांनी उलट तक्रार केली : हौशी गेले, राखणदारांचे पगार गेले आणि सुरुंगवाल्यांना रान मोकळे झाले. दोन्ही पक्षांचे म्हणणे वाचून मी बराच काळ घोटाळलो. जर्मनीने तर तिसरेच टोक गाठले आहे. तिथल्या १९७२ च्या प्राणिरक्षण कायद्याप्रमाणे सबळ कारणावाचून कशेरुकी प्राण्याला वेदना देणे हा गुन्हा. आणि खाण्यासाठी धरणे हे सबळ कारण, मौजेसाठी धरून सोडणे हे नव्हे. स्वित्झर्लंडनेही २००९ पासून सोडण्याच्याच हेतूने मासे धरण्याला बंदी केली. म्हणजे निमाडातल्या त्या केवटाने घाटावर उभ्या उभ्या जे सांगितले, त्याचेच कलम दोन युरोपी देशांनी केले आहे!

माशाला वेदना होतात काय, हा वाद शास्त्रज्ञांत चालू आहे. त्यात मी पडत नाही. पण सोडलेल्या माशाचे काय होते याचा शोध कावेरीवरच घेतला गेला. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठाच्या संशोधकांनी खुद्री माशांवर केलेला अभ्यास २०१६ मध्ये आला. नीट हाताळून सोडलेले बहुतेक मासे जगतात. मात्र गळाशी झुंज लांबली की त्यांच्या रक्तात थकव्याचे आम्ल साचते आणि त्यांना स्वतःला सावरणे जड जाते. पाण्याबाहेर कल्ल्यांचे पदर एकमेकांना चिकटतात, श्वास कोंडतो. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि रोग शिरायला वाट होते. हे वाचताना सहस्रधारेवरचे माझे व्याख्यान मला शब्दन्‌शब्द आठवत होते.

माझे मत विचाराल तर ते असे झाले आहे. ज्याच्या घरी चूल त्या माशावर पेटते त्याने मासा ठेवावा; त्याला दयेचे धडे देण्याचा अधिकार माझ्यासारख्या वरणभात खाणाऱ्याला नाही. जो मौजेसाठी धरतो त्याने सोडावा, पण त्याला पुण्य समजू नये. उसनी घेतलेली वस्तू परत केली एवढेच. आणि ती फुटकी परत करू नये : गळाला काटा नसावा, मासा पाण्यातच ठेवून सोडवावा, फोटोची हौस आवरावी. ज्याला हे जमत नाही त्याने घाटावर बसून कणकेच्या गोळ्या टाकाव्यात; मासे तेवढेच जवळून दिसतात.

नर्मदेचे सांगायचे तर इथे माशाचे भवितव्य कुणाच्या हातात राहिलेले नाही. १९५८ ते १९६६ या काळात केंद्रीय संशोधकांनी होशंगाबादेकडे, म्हणजे आताच्या नर्मदापुरमकडे, पाहणी केली तेव्हा पकडल्या जाणाऱ्या मासळीत जवळजवळ पाव वाटा एकट्या बाडसचा होता. बाडसला वाहते, स्वच्छ, खडकाळ पाणी लागते. पावसाळ्यात तो उथळ गोट्यांच्या जागी चढून अंडी घालतो. त्यानंतर बर्गी झाले, २००५ मध्ये इंदिरा सागर, २००७ मध्ये ओंकारेश्वर, २०१७ मध्ये सरदार सरोवर पूर्ण उंचीला गेले. नदीची तळ्यांची माळ झाली. धरणांनी निमाडाच्या शेतांना पाणी दिले आणि आमच्या घरात दिवे लावले, ते मी नाकारत नाही. पण ज्या राज्याने बाडसला मानाची पगडी बांधली त्याच राज्यात त्याला बसायला वाहते पाणी उरू नये, हे पाहून मुलांना नागरिकशास्त्र शिकवताना जीभ अडखळते.

तो मुलगा आता धामनोदला मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवतो. गेल्या हिवाळ्यात त्याच्याकडे गेलो असता त्याने मला नदीवर वडिलांकडे नेले. म्हाताऱ्याने मला ओळखले. त्याच्या गळाला त्या दिवशी एक बाडस लागला, जेमतेम वीतभर. त्याने तो वर उचललाच नाही. हात पाण्यात घालून, आत चाचपून गळ काढला आणि मूठ उघडली. मासा क्षणभर त्याच्या बोटांत थांबला आणि निसटला.

“छोड़ दिया?” मी विचारले.

“छोटी थी. छोटी तो हमेशा छोड़ते हैं, मास्साब.”

पावसाळ्यात सरकारी बंदी असते, १६ जून ते १५ ऑगस्ट. ती कागदावर यायच्या आधीपासून त्याच्या घरात श्रावणात जाळे भिंतीवर टांगलेले असे, हेही त्याने सांगितले. आपण बारा वर्षांपूर्वी कोणाला काय शिकवायला निघालो होतो, या विचाराने मी गप्प बसलो. तरी शिक्षकाचा स्वभाव जात नाही. मी त्याला म्हणालो की शास्त्रज्ञ उलटे सांगतात. मोठे बाडस बहुधा माद्या असतात आणि अंडी त्याच जास्त देतात, तेव्हा मोठी मिळाली तर तीच सोडायला हवी.

त्याने गळाला नवी कणीक लावली, दोरी पाण्यात टाकली आणि हसून म्हणाला, “पहले मिले तो.”